स्लो कुकरमधलं जेवण पाणचट का होतंय? (काळे वाटाणे, कोंबडी आणि एक बिचारा बांगडा)

कुडाळकरीण:

नमस्कार. इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच.

दिवाळीला भाऊ पुण्याहून येताना स्लो कुकर घेऊन आला. साडेतीन लिटरचा. आत चिनी मातीचं जडशीळ भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एकच बटण: लो, हाय, वॉर्म. “ताई, सकाळी सगळं टाकायचं आणि संध्याकाळी ताटं घ्यायची,” एवढं सांगून तो भाऊबीज आटोपून परत गेला. तेव्हापासून मी आणि ते यंत्र एकमेकांकडे बघत बसलोय.

माझी नोकरी ओरोसला. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून पावणेदहा ते सव्वासहा. सव्वानऊला स्कूटर काढते, परत येताना दूध-भाजी करत घरात पाय ठेवायला सात वाजतात. नवरा गोव्यात, शनिवारी येतो. घरात मुलगा सहावीत आणि सासूबाई. त्यांना गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभं राहवत नाही. त्यात दोन वर्षांपूर्वी प्रेशर कुकरचा व्हॉल्व्ह उडून डाळ छताला लागली, तेव्हापासून मी घरात नसताना त्या गॅसच पेटवत नाहीत. म्हणून हे यंत्र आलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. आवाज नाही, जाळ नाही.

आता माझे पराक्रम ऐका.

काळे वाटाणे रात्री भिजवले, सकाळी त्यात कांदा, मालवणी मसाला, ओल्या खोबऱ्याचं वाटप, चार आमसुलं, मीठ सगळं एकदम घातलं आणि लोवर दहा तास ठेवलं. संध्याकाळी वाटाणे गोट्यांसारखे. खोबरं फुटून वर तरंगत होतं, खाली पाणी.

कोंबडी, बाजारात मिळते ती ब्रॉयलर, नऊ तास. हाडं वेगळी, मांसाच्या चिंध्या वेगळ्या. रंग लाल आणि वास कच्च्या कांद्याचा.

तिसरा बांगडा. हसू नका. मुलगा म्हणाला, “आई, ही चटणी आहे का?”

सासूबाई कधी नावं ठेवत नाहीत, पण त्यांनी एक प्रश्न विचारला आणि तो माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्यांच्या माहेरी चुलीवर मडक्यात वाटाणे असेच तासन् तास रटरटत असायचे. “ताही हळूच शिजायचा आणि हाही हळूच शिजता, मगे ती चव हेका कित्याक नाय?”

कुणाला उत्तर माहीत आहे का? की यंत्र माळ्यावर टाकू?

गॅसवाले काका:

माळ्यावर टाका. भिजवलेले वाटाणे, प्रेशर कुकर, सहा शिट्ट्या, वीस मिनिटं. जे काम वीस मिनिटांत होतं त्याला दहा तास लावणारं यंत्र विकत घेणारे लोक आणि त्याच्यासाठी इथे सल्ला मागणारे लोक, दोघांनाही माझा नमस्कार. व्हॉल्व्ह वर्षातून एकदा बदला, गास्केट बदला, काही उडत नाही.

मिऱ्यावरची:

काकांचं ऐकू नकोस. भावाचंही ऐकू नकोस. “सगळं टाकायचं” हे खोक्यावरच्या चित्राखाली लिहायला ठीक आहे.

मी रत्नागिरीची. शाळा सकाळची, सव्वासहाला घर सोडते. नवरा रेल्वेत, त्याच्या पाळ्या त्याच्याही लक्षात राहत नाहीत. चार वर्षं हे भांडं वापरतेय. पहिले तीन महिने आम्हीही भाजीच्या नावाखाली कोमट पाणीच प्यायलो, तेव्हा लाज वाटून घेऊ नकोस.

तुझ्या सासूबाईंनी नेमकं दुखणं पकडलंय, म्हणून आधी त्यांना उत्तर. चूल आणि हे यंत्र दोन्ही हळू शिजवतात, इथे साम्य संपलं. आठव जरा, चुलीच्या घरात वाटप कसं व्हायचं. कांदा सालीसकट निखाऱ्यात खुपसायचा. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून जाळावर फिरवायची, तिचं तेल टपटप पडायचं, कडा काळ्या व्हायच्या. आपण जिला मडक्याची चव म्हणतो ती त्या काळ्या कडांची. पाण्यात शिजणारी वस्तू शंभर अंशांच्या वर तापत नाही, आणि कांदा, खोबरं, मांस तांबूस होऊन खमंग व्हायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. तेव्हा स्लो कुकरमध्ये कांदा वीस तास ठेवलास तरी तो उकडेल, भाजला जाणार नाही. तुझ्या कोंबडीला आला तो वास उकडलेल्या कांद्याचा.

दुसरं म्हणजे मडक्यातून वाफ जायची, रस आटायचा. इथे झाकणाला वाफ लागते, पाणी होतं आणि परत आत पडतं. आठ तासांनी झाकण उघडलंस तर घातलं होतं तेवढं पाणी, वर कांद्याने-कोंबडीने सोडलेलं वेगळं. म्हणून नेहमीच्या निम्मं पाणी घाल. निम्म्यालाही हात आखडता ठेव.

म्हणजे हे यंत्र फक्त मऊ करतं. चव त्याच्या आधी गॅसवर करायची आणि नंतर गॅसवर करायची. मधले आठ तास त्याचे.

आता वाटाणे. तुझा गुन्हेगार आमसूल. आंबटात कडधान्य मऊ होत नाही. आमसूल, चिंच, टोमॅटो, कैरी, काहीही असो, आधी पडलं की दाणा घट्ट राहतो, मग दहा तास ठेव नाही तर पंधरा. प्रेशर कुकर जोर लावून थोडंफार निभावून नेतो, हे यंत्र नाही नेत. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी जड असेल तरीही तसंच होतं. तेव्हा भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ घाल. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही असं आपल्या आया सांगायच्या. भिजवण्याच्या पाण्यात उलट होतं, साल लवकर नरम पडते. मी दोन्ही करून पाहिलंय.

मी काय करते ते सांगते. वाटाणे सकाळी निघताना भिजत घालायचे. रात्री ते पाणी ओतून द्यायचं, नवीन पाण्यात गॅसवर दहा मिनिटं खळखळ उकळू द्यायचे. चिनी मातीचं भांडं गरम पाण्याने विसळून घ्यायचं. थंड भांड्यात उकळतं ओतलंस तर तडा जाईल, माझं पहिलं भांडं असंच गेलं. मग वाटाणे आत, वर दोन बोटं पाणी, चिमूटभर हळद, एखादी आख्खी लवंग. रात्री दहाला लो. झोपायचं. सकाळी साडेपाच-सहाला वाटाणे असे होतात की बोटात धरले तर साल राहते आणि आतलं लोणी होतं. शिट्टीने हे होत नाही हो काका. शिट्टीने अर्धे फुटतात, अर्धे कच्चे राहतात.

मग कढईत तेल, हिंग, दोन चमचे मालवणी मसाला. मसाला तेलात अर्धा मिनिटच, जळला तर कडू होतो. त्यात वाटपाचा गोळा, कडेने तेल सुटेपर्यंत परत. डावभर वाटाणे ठेचून घाल, रस दाट होतो. मग बाकीचे वाटाणे, मीठ, एक उकळी, सगळ्यात शेवटी आमसूल. फणसाच्या दिवसांत सोललेल्या आठळ्या वाटाण्याबरोबर रात्रीच टाकते. आमच्याकडे भांडण होतं ते आठळ्यांवरून, वाटाण्यांवरून नाही.

वाटपाचा गोळा रविवारी. सुकं खोबरं, कांदा, धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दगडफूल, सगळं नीट काळपट होईस्तोवर भाजून, अगदी कमी पाण्यात वाटून, लिंबाएवढे नाही, संत्र्याएवढे पाच गोळे करून फ्रीजरमध्ये. एक वार, एक गोळा. तासभर जातो, पण तो तास रविवारचा असतो, रेडिओ लावून.

वाटलेला मसाला आठ तास शिजवू नये, हेही तिथेच समजून घे. त्याचा वास आधीच्या दोन तासांत घरभर होतो आणि ताटात काही उरत नाही. आख्ख्या लवंग-दालचिनीचं उलटं, त्या एवढ्या उतरतात की भाजी कफाच्या काढ्यासारखी लागते. म्हणून आख्खा मसाला नेहमीच्या निम्मा आणि वाटलेला शेवटी. नारळाचं दूधही शेवटी, बंद करायच्या आधी पंधरा मिनिटं. तुझं फुटलं कारण ते दिवसभर उकळलं.

एक गोष्ट मात्र चवीची नाही, जिवाची आहे. राजमा स्लो कुकरमध्ये करणार असशील तर भिजवलेलं पाणी फेकून दहा मिनिटं गॅसवर खळखळ उकळल्याशिवाय आत टाकू नकोस. राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते उकळीला मोडतं, पण लोवरच्या मंद आचेला मोडेलच असं नाही. अर्धकच्चा राजमा खाल्ला की दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब. मी वाटाणे, चवळी, पावटे, सगळ्यांनाच तो दहा मिनिटांचा नियम लावते. कोण लक्षात ठेवत बसणार?

कोंबडी तू चुकीची निवडलीस. ब्रॉयलर चाळीस मिनिटांत शिजणारं लेकरू, त्याला नऊ तास कशाला? या यंत्राला गावठी कोंबडी द्यावी. तीही म्हातारी, अंडी द्यायची थांबलेली. तुकडे आधी कढईत लालसर करून, अर्धी वाटी पाणी, लोवर सात तास, परतलेलं वाटप शेवटी. हाडांतलं सगळं रसात उतरतं. मटण घ्यायचं तर नळ्या आणि खांदा, चाप नको. बटाटे लहान चिरून तळाशी ठेव. खोटं वाटेल, पण इथे बटाटा मटणाच्या नंतर शिजतो.

आणि बांगडा. हसले, माफ कर. मासा शिजायला सात-आठ मिनिटं लागतात, तेवढ्यात तर यंत्र गरमही होत नाही. तिरफळं घातलेलं सार गॅसवर कर आणि सुखी राहा.

वैलावरचो:

गो बाय, तुझ्या सासवेक सांग, आमच्या घराकडे अजून वैल आसा. पुढच्या चुलीर भात, मागच्या वैलार कुळथाचा मडक्या. आवस सकाळी पेज खावन काजीत जाय आणि दुपारी येवन बघी तर कुळीथ शिजान तयार. लाकडा वैलाक वेगळी लागनत नाय, पुढचोच जाळ मागे जाता. फुकटचो स्लो कुकर! पण ताई सांगतत ता खरा, वाटप नंतरच पडा. कुळथाच्या निवळीचा सार वेगळा, उरलेल्या दाण्याची उसळ वेगळी. दोन जेवणा एका मडक्यात.

कुडाळकरीण:

मिऱ्यावरच्या ताई, किती लिहिलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं. निखाऱ्यातल्या कांद्यापाशी त्यांनी मला थांबवलं आणि त्यांच्या आईच्या घरची अर्धा तास गोष्ट सांगितली, त्यामुळे आज पोळ्या उशिरा.

पण दोन शंका आहेत. एक, मी रविवारी तासभर वाटप करायचं, रात्री उकळायचं, सकाळी परत कढई चढवायची, तर माझा फायदा काय झाला? गॅसपाशी मी उभी आहेच. दुसरी, आमच्याकडे लाईटचा काही नेम नाही. पावसात तर रात्री जाते आणि मी गाढ झोपेत. मध्येच बंद पडलेलं सकाळी मुलाच्या डब्यात घालायचं का? टायमर लावून दुपारी बारा वाजता आपोआप चालू होईल असं केलं तर?

मिऱ्यावरची:

पहिल्या शंकेला हिशोब देते. काळ्या वाटाण्याचं सांबारं मी पूर्वी संध्याकाळी करायची तेव्हा शाळेतून आल्यावर, पोटात कावळे ओरडत असताना, सव्वा तास जायचा. आता सकाळी कढईपाशी बारा मिनिटं उभी असते आणि रात्री दहा. रात्रीच्या दहा मिनिटांत मी उभी नसतेच, ते आपले उकळतात, मी भांडी घासते. आणि सकाळी जे होतं ते मुलाच्या डब्यालाही जातं आणि रात्री ताटातही येतं, फक्त घावणे किंवा भाकऱ्या ताज्या. मिनिटं फार वाचत नाहीत हे कबूल. सात वाजता दारात पाय ठेवल्यावर “आता काय करू” हा प्रश्न वाचतो. मला त्या प्रश्नाचाच थकवा यायचा.

शिवाय सासूबाईंना हातात काम हवं असेल तर खोबरं किसणं, कांदा चिरणं, वाटाणे निवडणं, सगळं खुर्चीत बसून होतं. माझ्या आईला मी हेच देते, आणि मग ती सगळ्या जगाला सांगते की स्वयंपाक तीच करते.

दुपारी बाराच्या टायमरचा विचार सोडून दे. पुण्या-मुंबईच्या एसीतल्या लोकांची ती युक्ती. आपल्याकडे सकाळी नऊला मांस बाहेर तसंच ठेवलं तर बारापर्यंत त्याला वास मारायला लागतो. एप्रिल-मेमध्ये तर विचारूच नको. कच्चं अन्न यंत्रात वाट बघत बसलं नाही पाहिजे. टायमर बंद करायला वापर, चालू करायला नको.

लाईटचं मला फारसं कळत नाही. इथे कुणी आहे का?

रेवदंड्याचा फिटर:

आहे. सदतीस वर्षं वायरिंग केलं, आता मुलगा करतो, मी इथे टाईमपास करतो.

कुडाळकरीण बाई, साडेतीन लिटरचं भांडं साधारण २०० वॅटचं असतं, खाली पट्टीवर छापलेलं असेल, बघा. २०० वॅट म्हणजे जुने तीन पंखे. आठ तास चाललं तर १.६ युनिट. घरच्या इन्व्हर्टरवर तास-दोन तास चालेल, रात्रभर नाही, बॅटरीचा जीव जाईल.

आता कुणी सांगत नाही ते सांगतो. तुमचे वाटाणे कडक राहिले त्यात आमसुलाबरोबर व्होल्टेजचाही हात असू शकतो. तापवणाऱ्या तारेची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने पडते. २३० व्होल्टला २०० वॅट देणारं यंत्र १८० व्होल्टला १२०-१२५ च देतं. म्हणजे दिवा जरासा पिवळा दिसतो आणि तुमचा कुकर साठ टक्क्यांवर येतो. गावात संध्याकाळी सात ते दहा सगळ्यांचे पंप, मिक्सर, टीव्ही चालू असतात तेव्हा हे होतंच. रात्री दहानंतर व्होल्टेज सुधारतं. ताईंनी रात्रीची वेळ धरली ती झोपेच्या सोयीने धरली असेल, पण विजेच्या हिशोबानेही तीच बरोबर.

लाईट गेलेली कशी कळणार? सोपं आहे. बाजारात गोल चकतीचा चोवीस तासांचा टायमर मिळतो, दुकानाच्या पाटीच्या दिव्याला लावतात तो. त्याची चकती विजेवर फिरते, लाईट गेली की थांबते. रात्री घड्याळाशी मिळवून ठेवा. सकाळी चकती भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जेवढी मागे, तेवढा वेळ लाईट नव्हती. चकती चाळीस मिनिटं मागे असेल तर काही नाही, झाकण उघडलं नसेल तर भांडं उष्णता धरून ठेवतं, थोडा वेळ वाढवा. दोन तासांच्या वर मागे असेल आणि आत मांस असेल तर टाकून द्या. जीव हळहळतो, पण टाका. पैसे वाचवायला मी एकदा नाही टाकलं, आणि पुढचे दोन दिवस सगळं घर रांगेत उभं होतं.

आणखी एक. तुमचा बटणवाला आहे हे चांगलं. लाईट आली की बटणवाला आपला चालू होतो. आकडे दिसणारे डिजिटल बरेचसे बंदच राहतात.

काकांसाठी थोडा इतिहास. नातवाने वाचून दाखवलं होतं. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाला १९४० साली याचं पेटंट मिळालं. त्याची आई मूळची लिथुआनियाची, ज्यू. शनिवारी त्यांना चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवड्याचे दाणे आणि मांस भरलेलं मडकं गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचे. भट्टी विझत जाणार, मडकं रात्रभर शिजत राहणार. आईची ही गोष्ट ऐकून त्याने विजेवरचं मडकं केलं. नाव दिलं होतं बीनरी, म्हणजे दाणे शिजवायचं यंत्र. पुढे १९७१ मध्ये दुसऱ्या कंपनीने क्रॉक-पॉट म्हणून विकलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी उचललं. तेव्हा काळ्या वाटाण्यासाठी ते चुकीचं यंत्र नाही, वाटाण्यासाठीच जन्मलंय.

आमच्याकडे पोपटी लावतात ती तुम्हाला माहीत असेलच. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं आणि भोवती जाळ. पाणी थेंबभर नाही. ती मात्र या यंत्रात करायला जाऊ नका. माझ्या सुनेने केली. वाल शिजले, पोपटी झाली नाही.

गॅसवाले काका:

इतिहास चांगला आहे. पण शनिवारी गॅस पेटवायला आपल्याला कुणी बंदी केली आहे? सहा शिट्ट्या.

मिऱ्यावरची:

काका, तुमचा व्हॉल्व्ह तपासा.

कुडाळकरीण, फिटरकाकांच्या टायमरला माझे शंभर मार्क. चार वर्षं मी सकाळी उठून झाकणाला हात लावून अंदाज करत होते.

आणखी एक सांगायचं राहिलं. सगळ्यात आधी हे करून बघ, कारण यात बिघडायला काहीच नाही: उकड्या तांदळाची पेज. एक वाटी तांदूळ धुवून, सात वाट्या पाणी, मीठ, रात्री लो. गॅसवर आपण दहा-बारा वाट्या घालतो, पण इथे आटत नाही हे विसरू नकोस. सकाळी डाव घातलास की जाड, गुलाबीसर पेज. वर खोबऱ्याचं दूध घातलंस तर आजारी माणूसही दोन वाट्या मागतो. सोबत खारातली मिरची किंवा निखाऱ्यावर, नाही तर गॅसच्या जाळीवर, भाजलेला सुका बांगडा. बांगड्याला या घरात न्याय मिळेल तो इथेच. सासूबाईंना सकाळी गॅस न पेटवता नुसता डाव फिरवून स्वतःचं खाता येईल, तुझी वाट न बघता.

अळूचं फदफदं माझं तीनदा फसलं. त्याला खाज मोडायला आंबट आधी लागतं आणि त्यातल्या चणाडाळ-शेंगदाण्यांना आंबट नंतर लागतं. दोघांची समजूत काढण्यात संध्याकाळ जाते. गॅसवरच करते.

कुरमुरलेला तळही इथे मिळणार नाही. भाताची करपट, डाळीचा खरवड, ज्यावर आम्ही भावंडं भांडायचो, ते विसर. तळाला लागतच नाही. घासणारीची मजा.

कुडाळकरीण:

मंडळी, अहवाल देते. मध्ये नऊ दिवस गेले.

पेज केली, दोनदा. पहिल्या दिवशी मी उठायच्या आधी सासूबाई वाटी घेऊन बसल्या होत्या. कुणालाही हाक न मारता. त्यावर मी जास्त काही लिहीत नाही.

टायमर आणला, दीडशे मीटरवरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून. दुकानदाराने विचारलं, बाई, कुठली पाटी लावताय?

बुधवारी रात्री वाटाणे ठेवले. ताईंनी सांगितलं तसंच: आधी उकळले, भांडं विसळून घेतलं, आमसूल बरणीतच ठेवलं. सकाळी चकती पस्तीस मिनिटं मागे होती. म्हणजे लाईट गेली होती आणि मला पत्ताही नव्हता. मुलाने ते बघितलं आणि आता रोज सकाळी उठल्या उठल्या चकती बघतो, दात घासायच्या आधी. वहीत लिहून ठेवतो. बुधवारी रात्री पस्तीस मिनिटं, गुरुवारी शून्य, शुक्रवारी बारा. शाळेत दाखवणार आहे म्हणे.

वाटाणे मऊ झाले, अगदी ताईंनी लिहिलंय तसे, साल धरून. वाटप रविवारचं, मसाला सासूबाईंच्या हाताने मोजलेला. डब्याला नेलं तर ऑफिसात दोघींनी डबा अदलाबदल केला. रात्री आंबोळ्यांबरोबर उरलेलं संपलं.

ताटावरून उठताना सासूबाई म्हणाल्या, “वाटाणे बरे झाले. पण खोबरा आजून भाजूक व्हया होता.”

मी घाबरून तांबूस झाल्यावरच उतरवलं होतं. अजून किती भाजायचं?

मिऱ्यावरची:

बरोबर आहेत त्या. तांबूस म्हणजे भाजीचं वाटप, सांबाऱ्याचं नाही. पुढच्या रविवारी वाटीचे दोन तुकडे चिमट्यात धर, थेट जाळावर. आधी तेल सुटेल, मग कडा पेटतील, पेटल्या तर फुंकून विझव. काळी-तांबडी झाली की उतरव, पूर्ण कोळसा नको. सासूबाईंना शेजारी खुर्ची दे आणि “पुरे” त्यांना म्हणू दे. खिडक्या उघड्या ठेव, आणि धुतलेले कपडे वाळत घातले असतील तर आधी आत घे.